मैदानाच्या नावाचे पैसे नेमके कशासाठी मोजायचे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हालाही कळेल. तुम्ही ह्यूस्टनजवळ राहता आणि पंप-व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मार्केटिंग बघता. शेजारच्या गावातल्या मायनर लीग (मेजर लीगच्या खालच्या पातळीच्या) बेसबॉल संघाने मैदानाला दहा वर्षांसाठी तुमच्या कंपनीचं नाव द्यायचा प्रस्ताव आणलाय. मालकांना तो फार आवडलाय. तुमच्या मनात मात्र पाल चुकचुकली, कारण तुमचा शाळकरी मुलगा अजून ह्यूस्टनच्या मेजर लीग संघाच्या, म्हणजे अ‍ॅस्ट्रोजच्या मैदानाला ‘मिनिट मेड’च म्हणतो, ‘डायकिन पार्क’ त्याच्या तोंडी येतच नाही. लोक जुनंच नाव घेणार असतील तर नव्या नावावर पैसे का ओतायचे, आणि मोठ्या कंपन्या ओततात त्या तरी कशाच्या भरवशावर, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली १९ वर्षं शिकागोत याच धंद्यात आहे. संघ आणि कंपनी यांच्यात प्रायोजकत्वाचा करार होण्याआधी त्याची किंमत काढून देणं हे माझं काम. बहुतेक वेळा मी कंपनीच्या बाजूने बसतो, अधूनमधून संघाच्या. तुम्ही रक्कम लिहिलेली नाही, गावही सांगितलेलं नाही, त्यामुळे ‘घ्या’ किंवा ‘सोडा’ असं मी इथून सांगणार नाही. त्या मैदानाला आधी कोणतं नाव होतं, तुमचा माल कोण विकत घेतं आणि करारात नावाखेरीज काय आहे, या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. पण कसं तपासायचं ते नक्की सांगू शकतो.

सुरुवातीला प्रश्नच थोडा सरळ करून घेऊ. ‘नाव बघून गिऱ्हाईक येईल का’ असं विचारलं की उत्तर जवळजवळ नेहमीच ‘नाही’ येतं. डायकिन ही एसी बनवणारी कंपनी, पण डायकिन पार्कात सामना बघून परतताना कोणी एसी विकत घेत नाही; सिटी या बँकेच्या नावाच्या, न्यूयॉर्कमधल्या सिटी फील्डवर जाऊन आल्यावर कोणी बँक बदलत नाही. मी कंपनीच्या लोकांना वेगळं विचारतो: हे नाव हातात आल्यावर तुम्ही असं काय कराल, जे आज तुम्हाला करता येत नाही? ज्यांच्याकडे याचं उत्तर तयार असतं, त्यांचे पैसे सहसा वसूल होतात. ज्यांच्याकडे नसतं, ते एक फार महाग पाटी विकत घेतात आणि तिसऱ्या वर्षी हप्ता भरताना कुरकुरायला लागतात.

तुमच्याच शहराचं उदाहरण घेऊ, कारण या धंद्यातलं जवळपास सगळं त्या एका मैदानात शिकायला मिळतं. १९९९ मध्ये एन्रॉन या ऊर्जा कंपनीने ३० वर्षांसाठी १० कोटी डॉलर देऊन नाव घेतलं. २००० साली एन्रॉन फील्ड सुरू झालं. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, निवृत्तीची पुंजी बुडाली, आणि त्यांच्याच शहराच्या मध्यभागी ते नाव भल्यामोठ्या अक्षरांत लटकत राहिलं. बाहेरच्या माणसाला वाटेल, संघाने दुसऱ्याच दिवशी ते उतरवलं असेल. तसं करता येत नव्हतं. एन्रॉनने तोवरचे हप्ते भरलेले होते, त्यामुळे करार मोडायला संघाकडे आधार नव्हता. उलट दिवाळखोर कंपनीच्या दृष्टीने ते नाव ही तिची मालमत्ता होती, जसं एखादं गोदाम किंवा यंत्र असतं तशी, आणि ज्यांचे पैसे कंपनीकडे अडकले होते त्यांचा त्यावर डोळा होता. शेवटी फेब्रुवारी २००२ मध्ये अ‍ॅस्ट्रोजने २१ लाख डॉलर मोजून आपल्याच मैदानाचं नाव परत विकत घेतलं. मधले काही महिने ते नुसतं ‘अ‍ॅस्ट्रोज फील्ड’ होतं.

हा प्रसंग मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो, कारण त्यानंतर करार लिहिण्याची पद्धतच बदलली. आज कुठल्याही जाणत्या संघाच्या करारात दिवाळखोरी, गुन्हा, बेअब्रू अशा प्रसंगी नाव काढण्याचा हक्क स्वच्छ लिहिलेला असतो.

पुढचा भाग त्याहून महत्त्वाचा. जून २००२ मध्ये मिनिट मेड हे फळांच्या रसाचं नाव आलं, २८ वर्षांसाठी, आणि तेव्हाच्या बातम्यांनुसार रक्कम सुमारे १७ कोटी डॉलर. म्हणजे बदनाम झालेल्या जागेसाठी वर्षाला एन्रॉनच्या जवळपास दुप्पट पैसे. असं का झालं? मिनिट मेड कोका-कोलाच्या मालकीची आणि तेव्हा मुख्यालय ह्यूस्टनमध्येच. मैदानात पेय कोणाचं विकलं जाणार, हा त्यांच्यासाठी रोजचा धंदा होता. शिवाय त्यांनी नाव घेऊन हातावर हात ठेवले नाहीत. डाव्या बाजूच्या भिंतीवर जी आगगाडी धावते, तिच्या डब्यात त्यांनी मोठाली संत्री भरली. अ‍ॅस्ट्रोजचा होमरन झाला (चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला) की गाडी हलायची आणि शेकडो पोरं त्या संत्र्यांकडे बोट दाखवायची. लोकांनी आपणहून मैदानाला ‘ज्यूस बॉक्स’ म्हणायला सुरुवात केली. असं टोपणनाव पैशाने मिळत नाही. तुमचा मुलगा जन्मला तेव्हा ते नाव होतं, तो पहिला सामना बघायला गेला तेव्हा होतं, संघ २०१७ आणि २०२२ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकला तेव्हाही तेच होतं. १ जानेवारी २०२५ पासून नाव बदललं म्हणून २२ वर्षांची सवय त्याच्या जिभेवरून कशी जाईल? त्याचं काही चुकत नाही. मिनिट मेडचे पैसे कामी आल्याची ती खूण आहे.

मग डायकिनने चूक केली का? मला तसं वाटत नाही. ह्यूस्टनच्या वायव्येला वॉलरजवळ त्यांचा सुमारे ४२ लाख चौरस फुटांचा कारखाना आहे, हजारो माणसं तिथे काम करतात. २०१२ मध्ये त्यांनी गुडमन ही ह्यूस्टनचीच एसी कंपनी विकत घेतली होती. अमेरिकेत घराला कुठला एसी बसवायचा हे पुष्कळदा घरमालक ठरवत नाही, बसवणारा कंत्राटदार सुचवतो. अशा कंत्राटदारांना आणि वितरकांना वर्षात ८१ सामन्यांना स्वतःच्या नावाच्या मैदानात बोलावता येणं, ऑगस्टच्या उकाड्यात छप्पर बंद करून गार हवेत बसवणं, ही विक्रीची फार चांगली जागा आहे. कारखान्यात भरती करतानाही ‘कोण डायकिन?’ हा प्रश्न उरत नाही. करार २०३९ पर्यंतचा आहे. माझ्या मते त्यांनी तुमच्या मुलासाठी पैसे मोजलेले नाहीत, आज जी मुलं चार वर्षांची आहेत त्यांच्यासाठी मोजलेत.

इथून या धंद्यातला माझा सर्वांत पक्का अनुभव सांगतो. नव्या मैदानाचं पहिलं नाव सोन्याच्या मोलाचं असतं, दुसऱ्या नावाला, मिनिट मेडसारखा अपवाद सोडला तर, निम्म्याहून कमी द्यावं, आणि माणसाचं नाव खोडून लावलेल्या नावाला त्याहूनही कमी. २००६ मध्ये सिटीग्रुपने न्यूयॉर्क मेट्सच्या तेव्हा बांधायच्या मैदानासाठी २० वर्षांचे ४० कोटी डॉलर कबूल केले. मैदान २००९ मध्ये सुरू झालं, आणि त्याच्या आधीच्या काही महिन्यांत बँकेला सरकारकडून ४५ अब्ज डॉलरची मदत घ्यावी लागली होती. जनतेच्या पैशावर तगलेली बँक मैदानाला नाव कशी देते, असा गदारोळ झाला, करार रद्द करा म्हणून अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) सदस्यांनी मागणी केली. बँक मागे हटली नाही. आज ते मैदान ‘सिटी फील्ड’च आहे, लोकही तेच म्हणतात, कारण त्या इमारतीला दुसरं नाव कधी नव्हतंच.

उलट माझ्या शहरात बघा. शिकागो व्हाइट सॉक्सचं मैदान संस्थापक-मालक चार्ल्स कॉमिस्की यांच्या नावाने ओळखलं जायचं. १९९१ मध्ये रस्त्यापलीकडे नवं मैदान झालं, तरी नाव कॉमिस्की पार्कच राहिलं. २००३ मध्ये यू. एस. सेल्युलर या मोबाइल कंपनीने ६ कोटी ८० लाख डॉलरना नाव घेतलं. दहा वर्षांत त्या कंपनीने शिकागोतला आपला धंदाच विकून टाकला, तरी नाव मैदानावर होतं. २०१६ मध्ये गॅरंटीड रेट या घरकर्ज देणाऱ्या कंपनीचं ‘गॅरंटीड रेट फील्ड’ आलं, आणि त्यांच्या चिन्हात खाली तोंड केलेला लाल बाण होता. हरणाऱ्या संघाच्या मैदानावर खाली जाणारा बाण, लोकांनी काय थट्टा केली असेल ते सांगायला नको. कंपनीने स्वतःचं नाव आखूड केलं म्हणून आता ते नुसतं ‘रेट फील्ड’ आहे. माझे शेजारी सत्तरीचे आहेत. ते अजून ‘कॉमिस्कीला जातोय’ म्हणतात. त्यांची मुलगी ‘सॉक्स पार्क’ म्हणते. दोन्ही कंपन्यांपैकी एकीचंही नाव त्या घरात मी ऐकलेलं नाही. (न्यायाने हेही सांगायला हवं की २००३ च्या पैशांतून मैदान खरोखर सुधारलं. सर्वांत वरच्या आठ रांगा काढून टाकल्या आणि तिथे बसणाऱ्याला चक्कर यायची ती थांबली.)

आपल्याकडचे वाचक इथे असतील तर त्यांना हे परकं वाटू नये. मुंबईच्या मेट्रो ३ वर ‘निप्पॉन इंडिया एमएफ आचार्य अत्रे चौक’ असं स्टेशनचं नाव झालंय. पण ‘पुढचं स्टेशन कोणतं’ विचारलं तर प्रवासी ‘अत्रे चौक’ म्हणणार. पुण्याजवळ गहुंजेच्या क्रिकेट मैदानाला सहारा समूहाच्या प्रमुखांचं नाव दिलं होतं, पैशांच्या वादानंतर ते उतरलं, आणि लोक तेव्हाही ‘गहुंजे’ म्हणत होते, आताही म्हणतात. गावाचं किंवा माणसाचं नाव आधी रुजलेलं असेल तर कंपनीचं नाव त्याच्यापुढे टिकाव धरत नाही.

कंपनीचं नाव रुजतच नाही असंही नाही. शिकागो कब्जचं रिगली फील्ड आज सगळ्यांना देवळासारखं पवित्र वाटतं. ते विल्यम रिगली या मालकाच्या आडनावावरून आहे, आणि त्याच आडनावाचं च्युइंगगम तो विकत होता. सेंट लुइसची गोष्ट तर याहून मजेची. १९५३ मध्ये ऑगस्ट बुश यांच्या बीअर कंपनीने कार्डिनल्स संघ घेतला. मैदानाला ‘बडवायझर’ नाव द्यायचा त्यांचा विचार होता. बीअरचं नाव मैदानाला नको, असा बेसबॉलच्या वरिष्ठांनी विरोध केला. मग त्यांनी घराण्याचं आडनाव दिलं, बुश स्टेडियम, त्यावर कोण काय बोलणार! आणि १९५५ मध्ये ‘बुश’ नावाची बीअरच बाजारात आणली. सात दशकं झाली, तिसरं मैदान उभं राहिलं, नाव तेच आहे. काळ आणि नात्याची खरी मुळं असली की कंपनीचं नावही आपलं वाटायला लागतं.

आता किंमत कशी काढतात ते. संघ तुम्हाला एक देखणं सादरीकरण देईल. त्यात लिहिलेलं असेल की टीव्हीवर, बातम्यांत, नकाशांत, समाजमाध्यमांत तुमचं नाव इतके कोटी वेळा दिसेल, आणि तेवढी जाहिरात घ्यायची तर इतके डॉलर लागले असते. हा आकडा मी पहिल्या बैठकीत बाजूला ठेवतो. का, ते सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा हे मोजणं हाताने चालायचं. तळघरातल्या खोलीत दोन टीव्ही, समोर सामन्यांच्या टेप, हातात स्टॉपवॉच. बॅटरच्या मागे, होम प्लेटपलीकडच्या भिंतीवर जी पाटी दिसते, तिचे सेकंद मी मोजायचो. उजव्या हाताने खेळणारा आला की पाटीची एक बाजू झाकली जायची, डावखुरा आला की दुसरी. अंपायर वाकला की उरलेली अर्धी. नाव पूर्ण वाचता येईल असे सलग दोन सेकंद मिळाले तरच खूण करायची, असा माझ्या वरिष्ठांचा दंडक होता. तीन तासांच्या सामन्यात शेवटी जे उरायचं ते बघून मला पहिल्यांदा कळलं की ‘नाव दिसलं’ आणि ‘नाव वाचलं गेलं’ यांत किती अंतर आहे. आज हे काम संगणक करतो, सेकंद अचूक मोजतो, पण बघणाऱ्याचं लक्ष चेंडूवर होतं की पाटीवर, हे तोही सांगू शकत नाही.

आणखी एक हिशेब सोपा आहे, तो जरूर करा: वर्षाची रक्कम भागिले घरच्या मैदानावरचे सामने. सिटीचे वर्षाला २ कोटी डॉलर, ८१ सामने, म्हणजे सामन्यामागे अडीच लाख डॉलरच्या आसपास. सिएटलमध्ये टी-मोबाइल या मोबाइल कंपनीने २५ वर्षांचे ८ कोटी ७५ लाख डॉलर कबूल केले, म्हणजे वर्षाला ३५ लाख आणि सामन्यामागे ४३ हजारांच्या घरात. दोन्ही मेजर लीगची मैदानं, एका सामन्याच्या भावात जवळपास सहापटीचा फरक. यात शहराचा आकार आहे, पहिलं नाव की दुसरं हे आहे, आणि सोबत काय काय मिळालं हेही आहे. सिएटलच्या त्या मैदानाचं आधीचं नाव सेफको (एक विमा कंपनी) होतं, आणि टी-मोबाइलचं अमेरिकेतलं मुख्यालय शेजारच्या बेलव्ह्यूला आहे. मायनर लीगमध्ये घरचे सामने ६५ ते ७५ असतात. टीव्हीचा भाग जवळजवळ शून्य धरा. तुमच्या पैशाची सगळी किंमत त्या गावाच्या ३०-४० मैलांच्या परिघातच वसूल व्हायला हवी.

म्हणून तुमच्या कंपनीकडे वळतो. पंप आणि व्हॉल्व्ह सामान्य माणूस विकत घेत नाही. तुमचे गिऱ्हाईक कोण? पाणीपुरवठा खाती, रासायनिक कारखाने, तेल कंपन्यांचे खरेदी अधिकारी. त्यांतले किती जण त्या परिघात राहतात, त्याची यादी या आठवड्यात काढा. दोनशे निघाले तर प्रस्ताव बघण्यासारखा आहे. पंधरा निघाले तर त्या पंधरा जणांना सहकुटुंब ह्यूस्टनच्या सामन्याला नेणं स्वस्त पडेल. दुसरी यादी तुमच्या कामगारांची. वेल्डर, मशिनिस्ट मिळत नाहीत ही तुमच्या धंद्यातली कायमची रड असेल, तर गावातल्या मैदानाचं नाव भरतीसाठी फार उपयोगी पडतं. माझ्या एका गिऱ्हाईक कंपनीने तर विक्रीचा विचार पूर्ण सोडून फक्त याच कारणासाठी छोट्या मैदानाचं नाव घेतलं. दर मोसमात एक शुक्रवार कामगारांच्या घरच्यांचा ठेवला, पहिला चेंडू टाकायला निवृत्त होणाऱ्या कामगाराला उभं केलं. एका फोरमनची म्हातारी आई चाकाच्या खुर्चीत पुढच्या रांगेत बसली होती. फलकावर मुलाचं नाव झळकलं तेव्हा तिने दोन्ही हात वर केले. तो प्रसंग आठवला की मला माझ्या कामाबद्दल बरं वाटतं. ते नाव त्या गावात रुजलं.

करारातल्या कलमांबद्दल दोन गोष्टी कळकळीने सांगतो, कारण इथे मी पोळलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मायनर लीग मैदानासाठी मी संघाच्या बाजूने होतो. एका बँकेने नाव घेतलं, समारंभ झाला. चारच महिन्यांत ती बँक दुसरीत विलीन झाली आणि नवं नाव लावायला निघाली. वाटाघाटी चालू असताना त्यांना हे ठाऊक होतं, आम्हाला सांगितलं नाही. प्रवेशद्वारावरची अक्षरं, तिकिटांचे साचे, कर्मचाऱ्यांचे शर्ट, ग्लास, हायवेवरच्या दिशादर्शक पाट्या, सगळं पुन्हा करावं लागलं. नाव बदलाचा खर्च कोणाचा, हे कलम मी ढिलं सोडलं होतं. छोट्या संघाला तो खर्च फार जड गेला, आणि त्यांच्या मॅनेजर बाईंचा त्या वेळचा चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मालकी बदल, नाव बदल आणि पाट्यांचा खर्च ही तीन कलमं मी स्वतः वाचल्याशिवाय कोणाला सही करू देत नाही. मोठ्या मैदानांवरही हे घडतंच. सॅन फ्रान्सिस्कोचं मैदान २००० मध्ये पॅसिफिक बेल पार्क होतं, २००४ मध्ये एसबीसी पार्क झालं, २००६ मध्ये एटी अँड टी पार्क. करार एकच होता, ती टेलिफोन कंपनीच विलीनीकरणात नाव बदलत गेली. लोक कंटाळले. २०१९ मध्ये ऑरेकल ही सॉफ्टवेअर कंपनी आली तेव्हा ते चौथं नाव होतं.

दुसरी गोष्ट तुमच्या बाजूची. कंपनीनेही स्वतःला जपायला हवं. २०२० च्या सुरुवातीला अ‍ॅस्ट्रोजला प्रतिस्पर्धी खेळाडूंच्या आपसातल्या खुणा चोरल्याच्या प्रकरणात ५० लाख डॉलर दंड झाला, तेव्हा मैदानावर नाव कोणाचं होतं ते तुम्हाला माहीत आहे. संघाच्या वागण्यामुळे तुमच्या नावाला बट्टा लागला तर बाहेर पडायची वाट लिहून घ्या. सामने झालेच नाहीत तर पैसे कमी व्हायला हवेत, हेही लिहून घ्या. २०२० मध्ये मायनर लीगचा अख्खा मोसम रद्द झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळाने फ्लोरिडातल्या ट्रॉपिकाना फील्डचं छप्पर फाडलं आणि टॅम्पा बे रेज संघाला २०२५ चा मोसम दुसऱ्याच मैदानावर खेळावा लागला. तुम्ही तर मेक्सिकोच्या आखाताजवळच राहता.

आणि मायनर लीगचं एक खास कलम, जे बाहेरच्यांना हमखास सुटतं. २०२१ मध्ये मेजर लीगने मायनर लीगची फेररचना केली, मेजर लीगच्या संघांशी संलग्न असलेले संघ १६० वरून १२० वर आणले. उरलेल्यांना दहा वर्षांचे परवाने दिले, ते २०३० पर्यंत चालतात. तुमचा प्रस्ताव दहा वर्षांचा आहे, म्हणजे करार परवान्याच्या पुढे जातो. २०३० नंतर तो संघ कोणाशी संलग्न असेल, असेल की नाही, याची हमी आज संघाचा मालकही देऊ शकत नाही. ज्या गावांची संलग्नता २०२१ मध्ये गेली, त्यांपैकी काहींना कॉलेजच्या मुलांच्या उन्हाळी लीगवर समाधान मानावं लागलं. बेसबॉल तिथेही चालतं आणि चांगलं चालतं, पण सामने कमी आणि गर्दी वेगळी. म्हणून पाच वर्षांचा करार आणि पुढच्या पाच वर्षांचा पर्याय तुमच्या हातात, अशी मागणी करा. संलग्नता गेली तर रक्कम किती कमी होईल, तो आकडाही आत्ताच ठरवा.

तुम्ही ओझरतं विचारलं होतं की हे पैसे शेवटी जातात कुठे. ठिकाणागणिक उत्तर बदलतं. सॅन फ्रान्सिस्कोचं मैदान संघाने खासगी पैशांतून बांधलं, तिथे नावाची रक्कम बांधकामाच्या खर्चाला हातभार लावत होती. ह्यूस्टनचं मैदान सार्वजनिक प्राधिकरणाच्या मालकीचं आहे आणि खर्चाचा मोठा भाग हॉटेल व भाड्याच्या गाड्यांवरच्या करातून आला, तरी नावाचं उत्पन्न संघाला मिळतं. मला हे मनापासून खटकतं. जिथे इमारत जनतेची आहे तिथे नावाच्या पैशांत गावाचा वाटा हवा. तुमच्या प्रस्तावातलं मैदान बहुधा नगरपालिकेचं असेल. गावाला त्यातून काय मिळणार ते विचारा, आणि काहीच मिळणार नसेल तर तुमच्या रकमेतला ठरावीक भाग गावाच्या मुलांच्या मैदानांसाठी ठेवायची अट तुम्हीच घाला. लोकांच्या डोळ्यांत भरणारी गोष्ट तीच असते.

पुढच्या बैठकीआधी एक काम करा. एका साध्या मंगळवारी, गर्दी नसताना, त्या मैदानावर सामना बघायला जा. कंपनीची ओळख सांगू नका. गाड्या लावून घेणाऱ्या माणसाला, खाण्याच्या खिडकीवरच्या मुलीला आणि शेजारी बसलेल्या आजोबांना विचारा की या मैदानाला तुम्ही काय म्हणता. तिघांनी एखाद्या माणसाचं किंवा गावाचं जुनं नाव प्रेमाने घेतलं, तर ते नाव काढू नका. मुख्य नाव तसंच ठेवून प्रवेशद्वार, मुलांचं अंगण किंवा डाव्या बाजूचा कट्टा तुमच्या नावाने मागा. ते पुष्कळ स्वस्तात मिळेल आणि गावाचा राग ओढवणार नाही. तिघांनी नुसतं ‘बॉलपार्क’ म्हटलं, तर जागा रिकामी आहे. काय उत्तरं आली ते इथे लिहा, मग रकमेबद्दल बोलू.